सतरा नंबरचा फॉर्म आणि ज्वारीची काढणी



गावाच्या कारभाराच्या दारात आता शाळेचा दाखला तपासणारा बसला आहे. २०१७ साली राज्य सरकारने ठरवले की, १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला सरपंच व्हायचे असेल, तर तो किमान सातवी पास असला पाहिजे. अंगणवाडीची मदतनीस पूर्वी सातवीवर लागत असे. २०२३ पासून तिला बारावी लागते. गंमत अशी की, ज्या विधानसभेने सरपंचाला ही अट घातली, त्या विधानसभेत निवडून जायला चौथीचीही अट नाही.

या अटीला आमचा विरोध आहे. हरियाणाने २०१५ साली याहून कडक अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, हे खरे. पण राजस्थानाने तशीच अट घालून २०१९ साली स्वतःच काढून टाकली, हेही खरे. त्याच २०१९ साली केंद्राने माल व प्रवासी वाहतुकीच्या लायसनची आठवी पासची अट रद्द केली. म्हणजे अटी निघतात. लढले तर निघतात.

पण लढाई चालू आहे म्हणून पेरणी थांबवत नाहीत. ज्यांची शाळा अर्धवट सुटली, त्यांनी आता परीक्षेला बसावे, असे आम्ही स्पष्ट सांगतो. शाळा काही हौसेने सुटली नव्हती. १९७२ च्या दुष्काळात पोरे खडी फोडायला गेली. मुखेड, कंधार, जळकोटच्या डोंगरपट्ट्यातली लेकरे आजही आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात. आणि मुलींचे तर विचारूच नका. गावातली शाळा संपली की पुढच्या गावाला एकटी कशी धाडायची, म्हणून दप्तर खुंटीला टांगले ते टांगलेच.

मोठेपणी दहावी करायची म्हटले की लोक सतरा नंबरचा फॉर्म सांगतात. बाहेरून परीक्षेला बसण्याचा तो जुना रस्ता आहे आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे बोर्ड लातूरलाच आहे. पण या रस्त्याचे वेळापत्रक बघा. फॉर्म भरायचा जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास, तेव्हा कापसात खुरपणी आणि फवारणी. वेचणी दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढे जाते, ते दिवस अभ्यासाचे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन रब्बी ज्वारीच्या काढणीत. ज्वारी उपटायला मजूर मिळत नाही, पक्ष्यांनी कणसे रिकामी करायला घेतलेली, आणि घरचा कर्ता माणूस बीजगणिताच्या पेपरला! नापास झाला तर फेरपरीक्षा जून-जुलैत, तेव्हा मृग गाठायचा असतो. हे वेळापत्रक करणाऱ्याने कोरडवाहू शेत बांधावरूनसुद्धा पाहिलेले नसावे.

दुसरा रस्ता आहे, तो गावात फारसा कोणाला ठाऊक नाही. १९८९ साली दिल्लीत राष्ट्रीय मुक्त विद्यालय निघाले. आज त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणतात. तिची परीक्षा वर्षातून दोनदा असते, त्यातली एक एप्रिल-मे महिन्यात. पऱ्हाटी उपटली, कडबा रचला की मृगापर्यंत आपल्याला जी काय उसंत मिळते, ती हीच. पाच विषय एकाच दमात सोडवावे लागत नाहीत. एकदा नाव घातले की पाच वर्षे मुदत असते. यंदा मराठी आणि सामाजिक शास्त्र, पुढल्या वर्षी विज्ञान, असे चालते. दहावी मराठी माध्यमातून करता येते. किमान एक भाषा घ्यावीच लागते, पण ती इंग्रजीच असली पाहिजे असे नाही. इंग्रजीच्या नुसत्या नावाने मागे फिरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. मात्र पुढे एखादी विशिष्ट नोकरी किंवा कोर्स मनात असेल, तर तिथे कोणते विषय मागतात ते आधी विचारूनच विषय निवडावेत.

आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. तिथे पाचवीची आणि आठवीची परीक्षा देता येते. सातवीच्या अटीत अडकलेल्या तरुणांनी आधी तिथे चौकशी करावी.

‘चाळिशीत पोरांबरोबर बाकावर बसू काय?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. लातूर पॅटर्नच्या नावाने शहरात क्लासच्या पाट्या मोजता येत नाहीत. आपली कापसाची पट्टी तिथे फी म्हणून जाते. पण शेतातून आलेल्या चाळिशीच्या माणसासाठी त्यात एकही पाटी आमच्या पाहण्यात नाही. म्हणून हे काम आपल्यालाच करावे लागेल. गावातली बारावी झालेली पोरगी आठवड्यातून तीन रात्री देवळात नाहीतर समाजमंदिरात पाच-सात जणांना घेऊन बसली, तरी सुरुवात होते. पहिला धडा औषधाच्या डब्यावरच्या त्रिकोणाचा घ्या. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापूस फवारताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. डब्यातले बारीक अक्षरातले पत्रक वाचता येणे ही आपल्या धंद्यात चैन नव्हे.

सरकारकडे आमची मागणी एवढीच आहे : जिथे दाखल्याची अट घालता, तिथे प्रौढांची परीक्षा मे महिन्यात घ्या, केंद्र तालुक्याला द्या, फी माफ करा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक शाखेने इच्छुकांची यादी आणावी. बायकांची नावे आधी लिहावीत. ज्याच्याजवळ शाळा सोडल्याचा दाखला असेल त्याने तो आणावा. हरवला असेल तर जुन्या शाळेत जावे. जनरल रजिस्टरला नाव असते, त्यावरून दुसरी प्रत मागता येते. मेमध्ये शाळा बंद असतात, तेव्हा हे काम एप्रिलच्या आत उरकावे.