पाण्याखालील परोपकार

दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची हौस आमच्या समाजांत सद्गुण म्हणून गणली जाते, आणि जमिनीवर तिच्यापासून होणारा उपद्रव बहुधा वेळेच्या अपव्ययापलीकडे जात नाहीं. हीच हौस पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरली म्हणजे मात्र तिला सद्गुण म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कुस्तो व गान्यां यांनीं श्वासागणिक हवा पुरविणारें यंत्र सिद्ध केलें, आणि ही विद्या हळूहळू सामान्यांच्या आवांक्यांत आली. आज मालवणास, गोव्यास, अंदमानांत मराठी कुटुंबेंच्या कुटुंबें स्कूबासाठीं जातात. विद्या गेली तेथें आमची लुडबूडही गेली.

अंदमानांत सुमारें १२ मीटर खोलीवर आम्ही वाळूच्या जरासे वर, आडवे व अगदीं स्थिर असतांना, ओळखदेख नसलेल्या एका गृहस्थांनीं मागून येऊन आमच्या जॅकेटाचें बटण दाबलें व त्यांत हवा भरली. आम्ही बुडत आहों असा त्यांचा समज झाला असावा. (पाण्यांत उतरलेला मनुष्य बुडालेलाच असतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें नसावें.) आम्हीं ती हवा तत्काळ सोडून दिली, म्हणून कांहीं झालें नाहीं. बोटीवर विचारतां ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, मीं तर मदतच केली!"

या मदतीचा अर्थ काय तो पाहा. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. म्हणून तेथें जॅकेटांत असलेली हवा वर येतां येतां दुप्पट जागा मागते. हवा फुगली कीं माणूस उचलला जातो, आणि उचलला गेला कीं हवा अधिक फुगते. या चक्रांत सांपडलेल्यानें घाबरून श्वास रोखला, तर छातींतील हवेसही तोच नियम लागतो आणि फुप्फुस फाटतें. खोलीवर अधिक काळ राहिलेल्याच्या शरीरांत विरघळलेला नायट्रोजन असतो तो वेगळाच; सावकाश वर कां यावें, तें हॉल्डेननें १९०८ सालींच सांगून ठेवलें आहे. एका अनाहूत बोटानें हें सर्व घडूं शकतें.

टाकीच्या व्हॉल्व्हची कथा याहून कपटी आहे. "एकदां पाहून घेतों" म्हणत कोणी बोटीवर तो फिरवितो. पूर्ण उघडा असलेला व्हॉल्व्ह उलट समजुतीनें बंद करून मग किंचित् उघडला, तर वर श्वास व्यवस्थित चालतो, काटाही भरलेली टाकी दाखवितो. परंतु ३० मीटरवर प्रत्येक श्वासास चौपट हवा लागते, आणि त्या चिंचोळ्या वाटेनें ती येत नाहीं. हात लावणारे गृहस्थ तोंवर दुसऱ्या कोणाच्या पट्ट्या आवळीत असतात.

कोणी म्हणेल, मग सोबत्यानें स्वस्थ पाहत राहावें काय? मुळींच नाहीं. गळ्यावर आडवा हात फिरवून जो "हवा नाहीं" असें सांगतो, त्यास त्याच क्षणीं आपली हवा द्यावी. जो निश्चेष्ट झाला त्यास विचारण्याचा प्रश्नच नाहीं. इतर वेळीं तर्जनी व अंगठा यांचें कडें करून "ठीक ना?" असें विचारण्यास एक क्षण पुरतो. उत्तरादाखल अंगठा वर करूं नये, एवढें मात्र नवख्यांस सांगितलें पाहिजे. छायाचित्रांत त्याचा अर्थ "छान" असेल, पाण्यांत त्याचा अर्थ "वर चला" असा आहे. तसेंच, ज्यास वर जावयाचें आहे त्याच्याशीं खालीं वाद घालणें हीदेखील लुडबूडच होय. कारण बोटीवर विचारावें, किंवा विचारूंही नये.

मालवणास पोहतांही न येणाऱ्या पाहुण्याची टाकी मार्गदर्शक हातीं धरून ठेवतो, तें आमच्या आक्षेपांत येत नाहीं. पाहुण्यानें तो अधिकार वर असतांनाच त्याच्या स्वाधीन केलेला असतो. जोडीदाराचाही अधिकार असाच, ठरवून दिलेला. एकमेकांच्या पट्ट्या, वजनें, हवा हीं तपासण्याची जागा बोट आहे, आणि आश्चर्य हें कीं तेथें हे परोपकारी लोक छायाचित्रें काढण्यांत गढलेले असतात. उतरण्यापूर्वीं दिल्या जाणाऱ्या सूचनांत प्रवाळास हात लावूं नका असें बजावण्यांत येतें. परक्या माणसाच्या बटणास व व्हॉल्व्हलाही लावूं नका, हें वाक्य त्यापुढें जोडण्यास केंद्रचालकांस कांहीं खर्च नाहीं.