मामल्यात उंदीर पडले तेव्हा

ऑगस्ट 1994. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवांनी माणसे हैराण झाली आणि काही आठवड्यांत जांघेत, काखेत गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. 1966 नंतर देशात प्लेगचा रुग्ण नोंदलेला नव्हता. वर्षभरापूर्वी किल्लारीचा भूकंप झालेला. भीतीपोटी लोकांनी घरे सोडली, धान्य आतच राहिले आणि उंदरांचे फावले, असे तेव्हा सांगितले गेले. सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगने पन्नासवर बळी घेतले.

योगायोग असा, की त्याच ऑगस्टच्या 18 तारखेला ‘नेचर’मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी ‘योप-एच’ या प्रथिनाची त्रिमितीय रचना छापली. प्लेगचा जंतू ज्या येर्सिनिया कुळातला, त्या कुळाचे हे हत्यार. मामल्यात त्याची खबर कुणाला असणार?

पिसवेच्या पोटात हा जंतू थंड असतो. माणसाच्या अंगातली 37 अंशांची ऊब लागली की त्याच्या अंगावर सूक्ष्म सुया उगवतात. पांढरी पेशी त्याला गिळायला टेकली, की तो या सुईवाटे आपली प्रथिने थेट तिच्यात सोडतो. जंतू पकडायचा तर पेशीला आतल्या आत निरोप फिरवावे लागतात. ठरावीक प्रथिनांवर फॉस्फेटची खूण चढली की निरोप पुढे जातो. सुईवाटे आत शिरलेला योप-एच नेमकी ही खूण पुसतो. 468 अमिनो आम्लांच्या या साखळीच्या शेपटाकडच्या भागात एक खोबण आहे. खोबणीच्या तळाशी, 403 क्रमांकावर, सिस्टीन बसलेले. फॉस्फेट आत शिरले की शेजारचा फास त्यावर मिटतो, सिस्टीन ते ओढून घेते, मग पाण्याचा रेणू त्याची सुटका करतो आणि खोबण पुढच्या सावजाला मोकळी. अशीच खोबण माणसाच्या स्वतःच्या कित्येक प्रथिनांतही असते. म्हणजे घरफोड्याकडे घरचीच किल्ली.

जोडीदार योप-जे आणखी बेरकी. फॉस्फेट जिथे चिकटायचे त्या जागेवर तो आधीच अ‍ॅसिटिल गट डकवून ठेवतो. मदतीची हाक पेशीबाहेर पडतच नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या फुफ्फुसात जंतू सोडले, तर पहिला दीड दिवस फारशी सूजही दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

1994 ची साथ खरेच प्लेगची होती का, यावर पुढे बरीच वर्षे वाद रंगला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जनुकीय तपासणीतून होकार दिला, तो 2000 साली. एका प्रथिनातला अणू न् अणू कुठे बसतो हे ठाऊक असलेल्या काळात रोगाचे नाव पक्के व्हायला सहा वर्षे लागावीत, ही शरमेची गोष्ट आहे. औषध मात्र साधेच: स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन. ते जंतूचा प्रथिने घडवण्याचा कारखानाच बंद पाडते. अट एकच, ते गोळीतून किंवा इंजेक्शनमधून वेळेवर अंगात जायला हवे.

म्हणून गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यापासून मामल्यापर्यंत, जिथे घरात धान्याची पोती आणि दारात कडब्याची गंजी आहे, तिथल्या प्रत्येकाला सांगणे एवढेच: विषाचे आमिष घातलेले नसताना उंदीर पटापट पडू लागले, तर ते हाताने उचलू नका आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. घरात कुणाला तापासोबत गाठ आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.