ओवी घेतली, उपासना वगळली

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात फादर थॉमस स्टीफन्स अवतरतात ते साधारण एका तासिकेपुरते. 'क्रिस्तपुराणा'तील मराठी भाषेच्या थोरवीचा उतारा वाचला जातो, एका इंग्रज जेझुइटाने आपल्या भाषेला दाद दिली म्हणून वर्ग सुखावतो, आणि घंटा होते. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या ग्रंथातून मोजक्या ओव्या उचलायच्या, आणि त्याही स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेण्यासाठी! उरलेला ग्रंथ कशासाठी लिहिला गेला, तो कोण म्हणत असे, केव्हा म्हणत असे, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मय हे मुख्यतः उपासनेचे वाङ्मय आहे. रोजची प्रार्थना, सामुदायिक भजन, उपवास, आत्मपरीक्षण, मोठ्याने केलेले शास्त्रवाचन या नित्याच्या आचारांतून ते निर्माण झाले आणि त्या आचारांसाठीच ते लिहिले गेले. मराठीचे विभाग मात्र ते एक तर भाषेचा नमुना म्हणून वाचतात, नाही तर धर्मांतराच्या इतिहासाचे परिशिष्ट म्हणून. हरिपाठ शिकवताना तो रोज म्हटला जातो हे न सांगणारा शिक्षक आम्हाला अजून भेटलेला नाही. करुणाष्टके शिकवताना सांजवेळ आपोआप वर्गात येते. वारी वगळून तुकोबा शिकवणाऱ्याला आपण अडाणी म्हणू. मग हाच न्याय स्टीफन्स, तिलक आणि रमाबाईंना का नाही?

'क्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापले गेले. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण गुरूपाशी मागणे मांडतो: जुनी पुराणे गेली, आता आम्ही वाचावे तरी काय? त्या मागण्यामागे सक्ती होती, पाडलेली देवळे होती आणि हिरावून घेतलेल्या पोथ्या होत्या. हे झाकण्याचे कारण नाही. उलट तेच प्रथम सांगितले पाहिजे. पोथी गेली तरी पोथी ऐकण्याची सवय गेली नव्हती, आणि स्टीफन्सने त्या सवयीसाठी ग्रंथ रचला. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये तो म्हटला जाई.

आता दुसरी बाजू. स्टीफन्स ज्या संघाचा होता, त्या येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची आध्यात्मिक साधनेची पुस्तिका 1548 मध्ये छापली गेली. तीत साधकाला एक निश्चित अभ्यास सांगितलेला आहे. ध्यानाला बसताना शुभवर्तमानातील प्रसंगाचे स्थळ मनापुढे उभे करावे, रस्ता किती लांब, गुहा केवढी हे पाहावे, माणसे काय बोलतात ते ऐकावे, आणि मग आपल्या जगण्याकडे वळावे. याखेरीज दिवसातून दोनदा स्वतःच्या मनाची झडती घ्यायची. हा अभ्यास केलेला माणूस जेव्हा मराठी ओवीत येशूजन्माचा आणि दुःखसहनाचा प्रसंग विस्ताराने रंगवतो, तेव्हा त्या विस्ताराला नुसते 'वर्णनकौशल्य' म्हणून मोकळे होणे हा समीक्षेचा आळस आहे. आमच्या मते तो विस्तार श्रोत्याला प्रसंगात नेऊन उभा करण्यासाठी आहे. पुराणिकाची रीत आणि जेझुइटाचे ध्यान इथे एकमेकांत मिसळतात. मराठीच्या अभ्यासकाला याहून मोठा विषय कोणता हवा?

आणि हा ग्रंथ टिकला कसा? 1616, 1649 आणि 1654 या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1684 मध्ये तर गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्धच फर्मान काढले. तरीही 1907 साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला तो जपून ठेवलेल्या हस्तलिखितांच्या आधारे. ती हस्तलिखिते कोणी भाषाप्रेमापोटी उतरवून घेतली नव्हती. ती म्हणण्यासाठी होती.

यावर आमचे काही सहकारी म्हणतात की हे सारे धर्मप्रचाराचे साहित्य आहे. वाङ्मयाच्या वर्गात प्रार्थनेचे काय काम? हा युक्तिवाद सर्वांना सारखा लावला तर आम्हाला मान्य आहे. मात्र मग महानुभावांपासून रामदासांपर्यंत निम्मा अभ्यासक्रम गुंडाळून ठेवावा लागेल. प्रार्थना कशी घडते याचा अभ्यास करणे म्हणजे प्रार्थना करणे नव्हे, एवढा विवेक पदव्युत्तर विद्यार्थ्यापाशी असतो. तो नसलाच तर शिक्षकांपाशी नसतो.

रेव्हरंड ना. वा. तिलकांची गत याहून चमत्कारिक आहे. 'फुलामुलांचे कवी' म्हणून ते सुरक्षित झाले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, अभंग रचणारे तिलक कोपऱ्यात राहिले. वास्तविक मराठी प्रॉटेस्टंट घरांत तिलक रोज गायले जातात. 'उपासना संगीत' हे भजनांचे पुस्तक त्यांच्या रचनांवाचून कल्पिताच येत नाही. पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या गळ्यात उतरत नाहीत, हे त्यांनी ओळखले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. तुकोबांकडून त्यांनी घेतले ते केवळ वृत्त नव्हे. देवाशी रोज बोलायचे, प्रसंगी भांडायचे आणि स्वतःचा खोटेपणा स्वतःच उघडा करायचा, ही साधना घेतली. पुढे 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. 1919 मध्ये ते वारले. अभंगांचा अर्थ या दरबाराशिवाय लावणे म्हणजे पालखी सोडून नुसत्या टाळांविषयी बोलणे होय.

लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपण विनोदासाठी वाचतो. विनोद आहेच, आणि तो अव्वल आहे. पण या पुस्तकातील धर्मांतर वादविवादात घडत नाही, ते पाण्याच्या भांड्यापाशी घडते. कोणाच्या हातचे प्यायचे आणि कोणाच्या हातचे नाही, याचा निकाल ही बाई स्वतःशी विचार करून लावते आणि दुसऱ्या दिवसापासून तसे वागू लागते. बाप्तिस्मा नंतर, 1900 साली. आचार आधी, संस्कार मागून. अध्यात्म म्हणतात ते याहून निराळे काय असते?

पंडिता रमाबाईंच्या बायबल भाषांतरालाही असाच अन्याय सोसावा लागतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षे खपून त्यांनी ते पुरे केले. 1922 मध्ये त्या निवर्तल्या आणि 1924 मध्ये केडगावच्या मुक्तिमिशनमध्येच ते छापून झाले. त्याच्या भाषेला ओबडधोबड म्हणणारे हे विसरतात की ते अल्पशिक्षित बायकांनी रोज वाचावे, वाचून दाखवावे, म्हणून केलेले होते. त्याची परीक्षा कानाने करायची असते.

चर्चच्या मंडळींनाही चार शब्द सुनावणे भाग आहे. आज 'दैनिक मनना'च्या नावाखाली ज्या पुस्तिका हाती पडतात, त्यांतील बऱ्याच इंग्रजीवरून ओढूनताणून उतरवलेल्या असतात. 'वैयक्तिक वाढ' हा शब्दप्रयोग त्यांच्यात वारंवार भेटतो. जणू साधक म्हणजे परसातला दुधी भोपळा! ज्या परंपरेत 'झावळ्यांचा रविवार' आणि 'क्रूसाची वाट' असे घरचे शब्द रुळले, प्रभूच्या प्रार्थनेत 'भाकर' आली, तिने असली भाषा खपवून घ्यावी याचा आम्हाला विषाद वाटतो. शिवाय या पुस्तिकांत साधना एकट्याची आणि स्वतःच्या सुधारणेपुरती उरते. तिलकांचे भजन टाळ्या आणि झांजांबरोबर चालते. वसईच्या कॅथलिक घरात संध्याकाळी जपमाळ होते तेव्हा आजीपासून नातवापर्यंत सारे एकत्र बसतात. (जपमाळ कॅथलिकांची, प्रॉटेस्टंटांची नव्हे; हा साधा फरकही आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसतो.)

2020 सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून आक्षेप घेतले गेले. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही बहुधा 'ते धर्मगुरू असले तरी लेखक आहेत' असाच बचाव केला. हा 'असले तरी' आम्हाला आक्षेपाइतकाच खटकतो. जुलै 2024 मध्ये दिब्रिटो गेले. त्यांच्या पर्यावरणविषयक भूमिकेवर आणि प्रवासवर्णनांवर आदराने लिहिले गेले, पण 'सुबोध बायबल'ची मराठी रोजच्या प्रार्थनेतून कशी घडली असेल, यावर कोणा मराठीच्या प्राध्यापकाचा लेख आमच्या वाचनात आला नाही.

आमची मागणी मोठी नाही. क्रिस्तपुराणाचा एक संपूर्ण अवसरू नेमावा आणि तो वर्गात मोठ्याने, चालीवर म्हणवून घ्यावा. तिलकांचे चार अभंग 'उपासना संगीता'तून घ्यावेत, कवितासंग्रहातून नव्हे. पुष्कळ वर्गांत हे अभंग लहानपणापासून पाठ असलेला एखादा विद्यार्थी मागच्या बाकावर गप्प बसलेला असतो. चाल त्याला विचारावी.