प्रलोभन कोण दाखवतो?

ख्रिस्ती मिशनांवर वाद सुरू झाला की आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ‘प्रलोभन’ हा शब्द येतोच. भुकेल्याला भाकरी, आजाऱ्याला औषध आणि पोराला शाळा दाखवून मिशनऱ्यांनी दरिद्री माणसांचा धर्म विकत घेतला, असा हा आरोप आहे. ज्याचे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले त्याला ‘विकत घेतला’ म्हटल्यावर किंमत आणि पावती पाहण्याची खोड असते. म्हणून या आरोपाचे सर्वांत सोयीचे उदाहरणच तपासून पाहू.

१८७६ ते १८७८ या वर्षांत मद्रास इलाखा दुष्काळाने होरपळत होता. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले सर रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामावरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. त्याच काळात तेलुगू मुलखातील ओंगोल येथे जॉन क्लफ हे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी काम करीत होते. त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या काही मैलांच्या खोदाईचे कंत्राट घेतले आणि मादिगा मजुरांना कामाला लावले. मादिगा म्हणजे चामड्याचे काम करणारी, गावकुसाबाहेरची जात. इतरत्र वरच्या जातीचे मुकादम या मजुरांचा छळ करीत, हे कंत्राट घेण्याचे एक कारण होते.

येथवरची हकिकत प्रलोभनवाद्यांच्या पथ्यावर पडणारी आहे. परंतु दुष्काळ चालू असेतो क्लफ यांनी बाप्तिस्मा देणेच बंद ठेवले होते. भाकरीसाठी धर्म सोडला असे कोणी म्हणू नये, म्हणून. मदतीचे काम आटोपले आणि त्यानंतर माणसे आली. ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. तो देणारे होते सहा देशी उपदेशक. दोघे थकले की दुसरे दोघे पाण्यात उतरत. गोरा साहेब काठावर होता.

त्याआधी दहा-अकरा वर्षांपूर्वी येर्रागुंटला पेरय्या नावाच्या चामड्याच्या मादिगा व्यापाऱ्याने हा धर्म दुसरीकडेच ऐकला होता आणि क्लफ यांना आपल्या गावी त्यानेच बोलावून नेले होते. मादिगांना प्रवेश मिळू लागताच मिशनच्या शाळेतली वरच्या जातीची मुले उठून गेली. क्लफ यांनी मादिगांना धरून ठेवले. मिशनच्या जगभरच्या इतिहासात साहेब बोलतो आणि देशी माणूस ऐकतो असे चित्र काढण्याची प्रथा आहे. मिशनचे भक्त ते कौतुकाने काढतात, विरोधक संतापाने. दोघांच्याही चित्रात पेरय्याला जागा नाही. दरिद्री माणसाला पोट असते तसेच डोकेही असते, हे मान्य करणे दोघांनाही जड जाते.

आता आजच्या कायद्यांकडे वळू. धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे ओरिसाने १९६७ मध्ये व मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते वैध ठरवले. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याने प्रलोभनाच्या व्याख्येत नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतील मोफत शिक्षण आणि ‘अधिक चांगले राहणीमान’ यांचाही समावेश केला. राहणीमान सुधारण्याची इच्छा हा ज्या देशात संशयास्पद हेतू ठरतो त्या देशाच्या नियोजनाचे प्रयोजन तरी काय, असे विचारावेसे वाटते! गंमत अशी की पूर्वीच्या धर्मात परतणे याच कायद्याने धर्मांतरातून वगळले आहे.

आणि खरी किंमत तर वेगळ्याच वहीत मांडलेली आहे. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे, धर्मांतरित ख्रिस्ती किंवा मुसलमान दलित अनुसूचित जातीचा राहत नाही. मादिगा ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती गेली, राखीव जागा गेली, अत्याचार-प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही गेले. तो परत हिंदू झाला आणि त्याच्या जातीने त्याला स्वीकारले, तर हे सारे परत मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तसा निर्वाळा दिला आहे. जाण्याला दंड आणि परतण्याला बक्षीस. याला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. धर्माच्या बाजारात आज सर्वांत मोठे प्रलोभन भारत सरकार दाखवीत आहे.

या व्यवस्थेचे समर्थन असे की ख्रिस्ती धर्मात जात नाही. हे ऐकून चर्चने संतोष मानावा की लाजेने मान खाली घालावी? कारण खोटे बोलण्याची सोय सरकारला चर्चनेच करून दिली आहे. तंजावर-मद्रासकडील प्रॉटेस्टंट चर्चांतला जातिभेद ताबडतोब बंद करा, असा हुकूम कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्येच काढला. तेव्हा तो पाळण्याऐवजी अनेक वेल्लाळ ख्रिस्ती चर्च सोडून गेले. तिरुचिरापल्लीतील एका कॅथॉलिक दफनभूमीत दलितांची थडगी भिंतीने वेगळी काढलेली आहेत. भारतातील कॅथॉलिक बिशपांनी चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याची लेखी कबुली दिली ती २०१६ मध्ये, म्हणजे विल्सन यांच्या हुकुमानंतर १८३ वर्षांनी. डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्माविषयी लिहिले तेव्हा त्यांची तक्रार नेमकी हीच होती. मिशनांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. धर्मांतरितांची जात मात्र त्यांनी तशीच राहू दिली, हा त्यांचा दोष होता.

पैशाची गाठही अशीच सुटली नाही. आपल्या नगरचे नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. परदेशी तिजोरीतून पगार घेणारा उपदेशक देशी माणसाला परका वाटतो, हे त्यांनी ओळखले होते. ते गेले १९१९ मध्ये; प्रयोगाला दोनच वर्षे मिळाली. शंभर वर्षांनंतरही परदेशी देणगीच्या परवान्यासाठी चर्चच्या संस्था दिल्लीच्या दारात उभ्या असतात, आणि त्या परवान्याची चावी फिरवून सरकार त्यांना हवे तेव्हा गप्प बसवू शकते.

चर्चने जगाकडे जावे की जाऊ नये, हा प्रश्न माझ्या दृष्टीने गौण आहे. प्रचाराचा हक्क घटनेच्या २५ व्या अनुच्छेदातच आहे. परंतु तिसरा परिच्छेद रद्द करा असे अर्ज बिशप मंडळी दिल्लीला धाडतात तेव्हा दफनभूमीतील ती भिंत त्या अर्जाच्या विरुद्ध साक्ष देत उभी असते. ती पाडायला ना आयोग लागतो ना न्यायालय. सरकारलाही पळवाट नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस २००७ मध्येच केली होती. तिच्यावर कृती करण्याऐवजी ऑक्टोबर २०२२ मध्ये बाळकृष्णन आयोग नेमण्यात आला. याच परिच्छेदात संसदेने १९५६ मध्ये शीख दलितांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी साध्या कायद्याने दुरुस्ती केली होती. तिसऱ्या दुरुस्तीलाही घटनादुरुस्तीची गरज नाही.