शिष्यवृत्ती आणि ओसरी

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडले, हे आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो. तेच आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीवर आले तेव्हा त्यांना राहावयास खोली मिळेना. पारशी विश्रामगृहातून बाहेर काढले गेल्यावर रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते पाच तास कमाटी बागेत बसून होते. हे आपण जरा हळू आवाजात सांगतो.

आज याची आठवण होण्यास एक विद्यार्थिनी कारण झाली. मुलगी छोटाउदेपूरकडील राठवा समाजाची, बारावीत शिकणारी, वसतिगृहात राहणारी. तिने परवा विचारले, "साहेब, पाठ केलेले डोक्यात राहते कुठे?" कानाच्या आतल्या बाजूस मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नवी आठवण तेथे घडते, एवढे आम्ही सांगितले. हा भाग गर्भात तयार कसा होतो, याचा शोध मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे यांनी घेतला आहे. उंदरांच्या गर्भात एका जनुकाचे काम काही पेशींत बंद पडले, तर त्यांच्या शेजारी हिप्पोकॅम्पस भलत्याच जागी घडू लागतो, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले. २०२३ साली त्या मेंदू-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. विकसनशील देशातून त्या पदावर जाणाऱ्या त्या पहिल्याच.

"म्हणजे डॉक्टर व्हावे लागेल?" मुलीचा पुढचा प्रश्न.

येथे आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका सफाई कामगाराच्या मुलाने हेच विचारले होते. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च मनात आणून आम्ही त्यास आय.टी.आय.चा रस्ता दाखविला. तो आज फिटर आहे, प्रामाणिकपणे कमावतो. पण प्रश्न विचारणे त्याने सोडले, आणि ते आमच्यामुळे. वस्तुतः जीवशास्त्र, पदार्थविज्ञान, गणित वा मानसशास्त्र यांतील पदवीधरासही या विषयाची वाट मोकळी आहे. मुंबईची ती संस्था, बंगळूरचे निमहान्स, हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, या साऱ्या सरकारी संस्था. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात. एवढे साधे ज्ञान आम्हां मुख्याध्यापकांस नसावे!

पैशाची सोय आहे, तर मग अडते कोठे? लेखी परीक्षेनंतर मुलाखतीस जावे लागते. ज्या घरातून कोणी वडोदऱ्यापलीकडे गेलेले नाही, त्या घरची मुलगी परक्या शहरात रात्री उतरणार कोठे? "एकटीला कसे पाठवू?" असे तिचे वडील आम्हांस म्हणाले, आणि आम्हांस उत्तर सुचले नाही.

या मासिकाचे वाचक मुंबईस, बंगळुरास, दिल्ली-गुरुग्रामकडे सोयरिकी राखून आहेत. वर्षातून दोन रात्री अशा मुलामुलींस आपली ओसरी देता येईल का? आडनाव न विचारता पानावर बसवावे लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. तयारी असल्यास संपादकांकडे पत्ता कळवावा. या मुलीची पदवी व्हावयास अजून तीन-चार वर्षे आहेत. वडिलांस मात्र उत्तर आताच हवे आहे.