पिलांना सोयाबीन घाला, पण कच्चे नको

सोयाबीनला 2024-25 च्या हंगामात 4892 रुपये हमीभाव जाहीर झाला आणि बाजारात पुष्कळांना त्याखालीच माल विकावा लागला. अशा वेळी घरी दोन-चार डुकरिणी असलेला शेतकरी साहजिकच म्हणतो, मातीमोल भावाने घालण्यापेक्षा पिलांना का घालू नये? विचार चांगला आहे. चूक होते ती पुढे. पोते फोडून कच्चे दाणे भरडले जातात आणि तसेच पिलांपुढे टाकले जातात. मग पिले हगवणीला लागतात, पोट सुटते, अंग धरत नाहीत, आणि खापर फुटते वराहपालनाच्या धंद्यावर.

शेतकरी बंधूंनो, दोष धंद्याचा नाही आणि सोयाबीनचाही नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा एक घटक असतो. गाय-म्हैस रवंथ करणारी, तिचे थोडेफार निभावते. डुकराचे पोट माणसासारखे एकच, त्यातून दूध तुटलेले पिलू म्हणजे अगदीच नाजूक. सोयाबीनमध्ये 36 ते 38 टक्के प्रथिने आणि 18 ते 20 टक्के तेल असते. मक्यात ज्या लायसिनची उणीव असते ते यात भरपूर. पण हे सारे पिलाच्या अंगी लागायचे तर दाणा आधी भाजला पाहिजे.

कढईत किंवा फुटाण्याच्या भट्टीत वाळूबरोबर सारखे हलवत भाजा. टरफल तडकले, रंग फिकट तांबूस झाला, कच्चा उग्र वास गेला की उतरवा. काळे करू नका, करपले की लायसिन जाते. शंका असेल तर युरियाची परीक्षा करा. युरिया तर घरोघरी आहेच. चमचाभर भरडा, चिमूटभर युरिया आणि थोडे पाणी बाटलीत घालून झाकण लावा. वीसेक मिनिटांनी उघडल्यावर नाकात अमोनियाचा वास झोंबला तर दाणा कच्चा राहिला समजा. ते मिश्रण मात्र लगेच फेकून द्या, कोणत्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नका.

डुकरिणीचे दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर उतरू लागते, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच पिलांपुढे मूठ-मूठ खाद्य ठेवावे. दूध तोडल्यावर 100 किलो खाद्यात मका भरडा 52, भाजलेले सोयाबीन 35, गव्हाचा कोंडा साडेदहा, खनिज मिश्रण 2 आणि मीठ अर्धा किलो धरा. सुमारे 19 टक्के प्रथिने पडतात. दळलेले सोयाबीन तेलामुळे लवकर खवट होते, तेव्हा आठवड्यापुरतेच दळा. विक्रीला आलेल्या डुकरांना मात्र इतके तेल नको, चरबी मऊ पडते.

भुईमुगाची पेंड आपल्याकडे सर्रास घालतात. ताजी व कोरडी असेल तर मोठ्या डुकरांना ठीक, पण बुरशी आलेली पेंड पिलांना विषच. 1960 साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या मेल्या आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल असते, ती पिलांच्या वाटेला जाऊ देऊ नका. एरंडीच्या पेंडीचे तर नावच काढू नये, ती शेतात खत म्हणूनच बरी.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, हॉटेलचे उरलेसुरले फुकट मिळते की! मिळते खरे. पण न उकळलेल्या खरकट्यातून आफ्रिकन स्वाइन फीव्हर पसरू शकतो. 2020 साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात हा रोग आला तेव्हा कितीतरी गरीब घरांचे गोठे रिकामे झाले.

आता दोन शब्द ग्रामसेवक आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातील मंडळींसाठी. अनुदानाची प्रकरणे आपण करता, पिलेही वाटली जातात, पण खायला काय घालायचे हे त्या माणसाला कुणी सांगत नाही. बहुतेकदा तो भूमिहीन असतो आणि गावही त्याच्या धंद्याला नाक मुरडते. गावात हरभरा भाजणारी भट्टी असेल तर हंगामात तिथेच सोयाबीन भाजून देण्याची सोय बचत गटामार्फत करता येईल. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि युरियाची बाटली सोबत नेऊन लोकांना करूनच दाखवा.