गोठ्यातला श्रोता

शोकग्रस्त मनुष्यास सावरण्यासाठी कथाकार जेव्हा एखादे मुके जनावर त्याच्या सान्निध्यात आणून ठेवतो, तेव्हा त्या जनावराकडून तो नेमकी कोणती चाकरी घेतो याची चौकशी आपली समीक्षा फारशी करीत नाही. ‘मुक्या प्राण्याचे निर्व्याज प्रेम’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल करण्याची जुनी वहिवाट आहे. माझ्या मते त्या जनावराच्या प्रेमाहून त्याची भूकच येथे अधिक उपकारक ठरते.

चेकॉव्हच्या 1886 सालच्या कथेतील योना हा पीटर्सबर्गचा वृद्ध घोडागाडीवाला पाहा. पुत्रनिधनाची कैफियत तो लष्करी अधिकाऱ्यापासून टवाळ तरुणांपर्यंत प्रत्येक उतारूपुढे मांडू पाहतो आणि ती ऐकण्यास कोणालाच सवड नसल्यामुळे अखेरीस रात्री तबेल्यात घोडीकडे जातो. दाण्यापुरतीही कमाई झाली नाही, तेव्हा आज गवतावरच भागवू, असे तिला समजावता समजावताच मुलाचा विषय त्याच्या तोंडून निघतो. घोडी सांत्वन करीत नाही. ती चघळते आणि धन्याच्या हातावर श्वास सोडते. वैरणीच्या वाटेने दुःखाला वाचा फुटावी, ही योजना मला सबंध कथेतील सर्वांत मार्मिक वाटते. प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’मधील हल्कूदेखील, कांबळ्यासाठी जमविलेले तीन रुपये सावकाराच्या हवाली करून, थंडीत जबरा कुत्र्याला उराशी धरतो; कुत्र्याच्या अंगाला दुर्गंधी येते, हे सांगण्यास प्रेमचंद विसरत नाहीत, आणि त्या उबेने पीकही वाचत नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडच्या परिसरात जनावराच्या भुकेचे हे मोल निराळे समजावून सांगावे लागू नये. येथे दिवाळीत गायगोधन होते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरे लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा भरवितात. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरची चूल काही दिवस शेजाऱ्यांच्या डब्यावर निभावते, परंतु दावणीची गाय सुतक पाळीत नाही. पहाटे ती हंबरली की शेण काढावे लागते, वैरण टाकावी लागते, पाणी दाखवावे लागते. आणि दोन दिवस कोणाशी न बोललेल्या घरधनिणीचा पहिला शब्द बहुधा तिच्यावर खेकसण्याचाच असतो.

जवळच्याच नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी येथील पशुपक्षी मराठी गद्यात आणले, पण ते प्रामुख्याने अरण्यातले, अनुभवकथनातले. त्या खेकसण्यापासून आरंभ होणारी कथा माझ्या वाचनात तरी विरळाच आली. उलट हल्ली दिसतो तो शहरी सदनिकेतील गोंडस कुत्रा, ज्याच्या आगमनाने विधुर आजोबा तीन प्रकरणांत पूर्ववत होतात आणि वाचकाच्या अश्रूंची वसुली थकू नये म्हणून जो उपान्त्य प्रकरणात मरतो. असल्या कुत्र्याला ना पिसवा होतात, ना त्याचा खर्च कोणाला पडतो.

येथल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीकडून या उणिवेच्या भरपाईची अपेक्षा करता येत नाही, कारण खरा बैल रंगमंचावर चढविला तर ऐन करुण प्रवेशात तो काय करील याला जामीन कोण राहणार? हा मामला कथाकादंबरीनेच चालवावयास हवा, आणि तो हाती घेणाऱ्याने वैरणीच्या तणसाचा चालू भाव आधी विचारून ठेवावा.